टॉवेलाखालची चाहूल

मी आयुष्यभर टॉवेल विकले. सोलापूरच्या नवी पेठेत, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून एक टॉवेल झटकन उलगडायचा, दाराच्या उजेडाकडे धरायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "दिसतंय का काही पलीकडचं? ऊनसुद्धा अडवतो हा!" गिऱ्हाईक हमखास पाघळायचं. बोलण्याचं मला कधीच वावडं नव्हतं. लग्न असो, मयत असो, निवडणूक असो, शिवानंद उंबरजे बोलत बसलेला असायचा. एका विषयावर मात्र माझी दातखीळ बसली, आणि नेमकं त्यावरच बोलणं भाग होतं.

आमच्या घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको जगदेवी आणि सून सौजन्या. मुलगा बसवराज पुण्याला बॅटऱ्यांच्या कारखान्यात असतो, शनिवारी येतो आणि रविवारी रात्री परत जातो. सून इथे राहते, कारण तिचं संशोधन केंद्र इथे आहे. लोक म्हणतात, उलटंच आहे तुमच्याकडे. असेना का! मुलगा तोंडावर 'हो बाबा' म्हणून मनाचं करतो, सून तोंडावर वाद घालते आणि मग ऐकते. मला दुसरी पद्धत बरी वाटते.

सौजन्याच्या केंद्राने एक वस्तू बनवली होती, तिचं नाव 'चाहूल'. दिसायला बायका ब्लाउजच्या आत घालतात तशी साधी बॉडी, सुती, फिकट गुलाबी. रात्री घालून झोपायची, सकाळी तिच्या कडेला फोन टेकवायचा, की फोनवर दिवा लागायचा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. केशरी म्हणजे दवाखाना गाठा. मंजुरी मिळण्याआधी शहरातल्या काही बायकांवर तिची चाचणी चालली होती आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणी त्यात होत्या. सगळ्यात आधी नाव दिलं ते जगदेवीने.

त्याला कारण होतं. तिची धाकटी बहीण कस्तुरी. तिला छातीत गाठ लागली होती आणि तिने ती नवऱ्याला, बहिणीला, कुणालाही सांगितली नाही. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून जगदेवी दरवर्षी न चुकता छातीचा फोटो काढायला जायची. येताना कुरकुरायची, की त्या मशीनमध्ये पापड लाटल्यासारखं दाबतात. पण जायची.

"ही बॉडी ओळखते तरी कशी?" एकदा जेवताना मी सौजन्याला विचारलं.

"मामा, सोपं आहे," ती म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या. "आपलं शरीर पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर बारीक बारीक प्रथिनं रोवलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. दारावरची बेल समजा. बाहेरून निरोप आला की बेल वाजते आणि आत पेशीला कळतं, आता वाढ, आता एकीच्या दोन हो. निरोप थांबला की ती पण थांबते. स्तनातल्या पेशींचंही तसंच."

'स्तन' हा शब्द आला आणि जगदेवी आमटी आणायला उठली. आमटीचं पातेलं समोरच होतं.

"काही गाठींमध्ये काय होतं," सौजन्याने पुढे सांगितलं, "पेशीच्या जनुकांत चूक होते आणि एकाच जातीच्या बेला भसाभस बसत सुटतात. निरोगी पेशीवर असतात त्याच्या शंभरपटसुद्धा. इतकी दाटी झाली की त्या एकमेकींना टेकून आपोआप वाजायला लागतात. दारात कुणी नाही, पण आत सारखी घंटा. पेशीला वाटतं निरोप आलाय, म्हणून ती वाढतच जाते."

"मग त्या बेला बंद करायच्या की!"

"त्याला औषध आहे. पण आधी कळायला तर पाहिजे. त्या रिसेप्टरांचे बाहेरचे तुकडे तुटून आजूबाजूच्या पाण्यात मिसळतात, त्यातले अगदी थोडे घामातून कातडीवर येतात. चाहूलचे धागे ते पकडून ठेवतात. काल जितके सापडले त्यापेक्षा आज जास्त आणि उद्या त्याहून जास्त, असं झालं की दिवा केशरी. वाढ नसली की हिरवा. थोड्या बेला सगळ्यांकडे असतातच, म्हणून प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच."

"आणि धागे भरून गेले म्हणजे?"

"म्हणून तर धुऊन उन्हात वाळवायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी धाग्यांची पकड सुटते, कापड पुन्हा रिकामं होतं. सोलापूर उगाच नाही निवडलं, मामा. इथे उन्हाला काय तोटा!"

सगळ्याच गाठी अशा बेलांनी वाढत नाहीत, ज्या वेगळ्या असतात त्या चाहूलला कळणार नाहीत, हेही तिने बायकांना आधीच सांगून टाकलं होतं. माल विकताना त्याची खोट आपण होऊन दाखवणारी पोरगी. आमच्या धंद्यात एक दिवस टिकली नसती.

तर चाचणी सुरू झाली आणि सगळीकडे हिरवंगार झालं. जगदेवी सकाळी उठली की देवाला हात जोडायच्या आधी फोन टेकवायची. हिरवा दिवा लागला की तिचा चेहरा असा काही सुटायचा की मलाही बरं वाटायचं. कस्तुरी गेल्यापासून तिच्या मनात बसलेली धास्ती त्या दिव्याने हळूहळू उतरवली. छातीच्या फोटोची वेळ आली तेव्हा तिने साफ नकार दिला.

"घरात रोज तपासणी होते की! तिथं जाऊन पापड कशाला लाटून घेऊ?"

सौजन्या म्हणाली, "आत्या, अजून चाचणीच आहे, फोटो चुकवू नका." पण सुनेनेच बनवलेल्या वस्तूवर सुनेपेक्षा सासूचा विश्वास जास्त. सौजन्याही हसली आणि मग कामात बुडाली. चाचणीचे निकाल चांगले येत होते. मुंबईहून तज्ज्ञ येणार होते, मंजुरी मिळाली की राज्यभर चाहूल जाणार होती. पोरगी नुसती पळत होती.

मार्च उजाडला तसा आमच्या इथला चटका सुरू झाला. एके सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलो होतो. जगदेवी कडक भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज मला सवयीचा आहे. तो मध्येच थांबला. पाहिलं तर तिने डावा हात काखेशी दाबून धरला होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. अवघडला हात."

"सौजन्याला दाखव."

"काय दाखवायचंय? सकाळीच हिरवं आलंय," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. हिरवं आलंय म्हटल्यावर मीही पेपरात डोकं घातलं.

त्याच दुपारी वावटळ उठली. दारं आपटली, रस्त्यावरची धूळ घरात आली. जगदेवी झोपली होती, म्हणून कपडे आणायला मी गच्चीवर गेलो. खरं तर गच्चीवरचे कपडे हा माझा प्रांत नव्हे. आमच्या गल्लीत आता प्रत्येक गच्चीवर सोलरच्या काळ्या पाट्या उताण्या पडून ऊन खात असतात, आणि उरलेल्या पट्टीत कपड्यांची तार. आमच्या तारेवर मधोमध, ऐन उन्हाच्या जागी माझा टॉवेल असतो. मोठा, जाडजूड, दुकान सोडताना मालकाने दिलेला. इतकी वर्षं मला वाटायचं, घरधन्याचा मान म्हणून त्याला मधली जागा मिळते.

माझ्या डोळ्यांदेखत वाऱ्याने टॉवेल उचलला आणि सोलरवर फेकला. त्याच्या खाली तारेला दोन गुलाबी बॉड्या लोंबत होत्या. चाहूल. एक सासूची, एक सुनेची.

मी चटकन मान फिरवली. सवयच तशी. मान फिरवली तर समोर रेवणसिद्ध म्हेत्र्यांची गच्ची. हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, त्यांची बायकोही चाचणीत होती. त्यांच्या तारेवर त्यांचा टॉवेल, आणि वाऱ्याने त्याचं टोक वर झालं की खाली गुलाबी दिसायचं. पलीकडच्या गच्चीवर साडी दुहेरी करून टाकलेली, खाली काय असणार ते सांगायला नको. आईच्या घरी हेच पाहिलं होतं, बहिणींचं हेच, जगदेवीचंही हेच. बाईच्या आतल्या कपड्यावर काहीतरी घातल्याशिवाय तार पुरी होत नाही. इतकं रोजचं की दिसतच नाही.

टॉवेल उचलला तेव्हा तो तव्यासारखा तापला होता. दुकानात हजार वेळा म्हटलेलं वाक्य माझ्या कानात आलं. ऊनसुद्धा अडवतो हा. आणि मग सकाळी थांबलेला भाकरीचा आवाज आठवला. 

आधी जगदेवीलाच सांगून पाहिलं. ती चहा करत होती.

"अगं, ते तुझं... ते गुलाबी... ते उघडं वाळत घालत जा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काय बोलायलात तुम्ही? समोर बाप्ये माणसं असतेत गच्चीवर! आणि तुम्हाला काय करायचंय बायकांच्या कपड्यांचं?"

"सौजन्याने ऊन लावायला सांगितलंय ना."

"मग उन्हातच घालते की! सावलीत घालते का मी? सुनेची पण मीच झाकते. ती टाकते उघडी नि जाते निघून, आजकालच्या पोरींना कळत नाही," असं म्हणून तिने कप माझ्यापुढे आदळला. विषय संपला.

म्हणजे आता राहिली सौजन्या. सासऱ्याने सुनेपाशी सासूच्या बॉडीचा विषय काढायचा! आमच्या घरात सुनेच्या खोलीकडे जाताना मी अजून खोकतो. बसवराजला फोन करून त्याच्याकरवी सांगावं असं मनात आलं, पण ते पोरगं ऐकून माझ्यापेक्षा जास्त लाजलं असतं. मी येरझाऱ्या घालून दमलो. खरं सांगतो, मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचीही लाज वाटत होती. कस्तुरी या लाजेनेच गेली होती.

संध्याकाळी सौजन्या केंद्रातून आली, खुर्चीत बसली, चहाचा कप हातात घेतला. मी माझा टॉवेल घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्या आडवा टॉवेल धरला आणि दुकानातल्या आवाजात म्हणालो, "दिसतंय का काही पलीकडचं?"

ती हसली. "मामा, मला टॉवेल नकोय."

"विकत नाही मी. तू शिकलेली आहेस, एवढं सांग. याच्याखाली काही वाळत घातलं तर त्याला ऊन लागेल का?"

"गरम होईल. पण किरणं नाही पोचायची. का?"

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत उभा राहिलो. तिचं हसू हळूहळू गेलं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मामा, याच्याखाली काय वाळतं?"

"ते मी नाही सांगू शकत बाळा. वर जाऊन बघ. आपलीच नको, सगळ्यांच्या गच्च्या बघ."

ती गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलत होती. "ऊन नाही म्हणजे धागे रिकामे होत नाहीत. एकदा भरले की भरलेलेच. नवीन तुकड्यांना जागाच नाही. काल तेवढे, आज तेवढे, म्हणजे वाढ शून्य. म्हणजे हिरवा." मग माझ्याकडे वळली. "मामा, आम्ही प्रत्येकीला विचारलं होतं, उन्हात वाळवता ना? सगळ्या हो म्हणाल्या."

"त्या खोटं नाही बोलल्या."

"नाहीच. केंद्रात आम्ही अतिनील दिव्याखाली वाळवून बघत होतो. दिव्यासमोर कोण कशाला झाकेल! आणि माझीसुद्धा..."

"तुझी आत्या झाकते. तू गेल्यावर."

हे ऐकून ती रडेल असं वाटलं होतं, पण तिला दुसरंच सुचलं. "आत्यांचा फोटो राहिलाय," ती म्हणाली आणि उठली. तेव्हा मी तिला सकाळचा अवघडलेला हात सांगितला.

जगदेवी देवघरापाशी वाती वळत होती. सौजन्या तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी दाराबाहेर थांबलो, पण गेलो नाही.

"आत्या, काखेत काही लागतंय का हाताला?"

जगदेवीने वात पुरी वळली. "लागतंय. हरभऱ्याएवढं."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"मग मला का नाही सांगितलं?" सौजन्याचा आवाज चढला. "कस्तुरीमावशींचं बघूनसुद्धा?"

"लपवलं नाही गं," जगदेवी म्हणाली. "हाताला लागलं त्या दिवशी जीव नुसता गोळा झाला. सकाळी भीत भीत फोन टेकवला, तर हिरवं आलं. दुसऱ्या दिवशी हिरवं. म्हटलं, माझं बोट चुकेल, पण सौजन्याचं यंत्र कसं चुकेल? तुझ्यावर विश्वास ठेवला आणि गप बसले."

मग मात्र सौजन्या रडली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान मुलीसारखी हुंदके देत रडली. जगदेवीला काय झालंय तेच कळेना, ती आपली तिच्या केसांवरून हात फिरवत विचारत होती, "अगं, गाठ मला आलीय, तू का रडायलीस?"

सकाळी पहिलं काम दवाखान्याचं. फोटो झाला, सुई घालून तुकडा काढला. इकडे सौजन्याने जगदेवीची चाहूल उघड्या गच्चीवर दिवसभर ठेवली, खडखडीत ऊन दिलं. पुढच्या काही दिवसांत दिवा केशरी झाला आणि तसाच राहिला. दवाखान्यातूनही तेच आलं. गाठ होती आणि तिच्या पेशींवर त्याच बेला दाटल्या होत्या. पण लहान होती. काखेपलीकडे गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी आयुष्यात इतकं थोडं बोललेलो नाही जितकं त्या दिवशी बोललो. नुसते हात जोडले.

घरी आल्यावर जगदेवीने मला धारेवर धरलं. "तुम्ही सुनेपाशी माझ्या कपड्यांचं बोललात?"

"टॉवेलाचं बोललो."

"एकच की ते!" ती म्हणाली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण रात्री ताटात माझ्या आवडीची शेंगाचटणी होती, वर तेलाची धार घातलेली.

सौजन्यापुढे दुसरंच संकट होतं. मुंबईचे तज्ज्ञ यायला थोडेच दिवस राहिले होते. तिच्या संचालकांचा फोन आला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत होती, म्हणून मला ऐकू आलं. त्यांचं म्हणणं, यंत्र तर बरोबर आहे, कापड उघडं वाळवा एवढी एक सूचना वाढवू आणि पुढे जाऊ. सौजन्या शांतपणे म्हणाली, "सर, आत्तापर्यंतचा एकही हिरवा दिवा मला खरा धरता येणार नाही. या बायकांनी त्या दिव्यावर विसंबून तपासण्या सोडल्यात. माझ्या सासूबाईंनी सोडली. आधी प्रत्येकीला बोलवून तपासायचं, मग मंजुरी." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ती फक्त "नाही सर" म्हणत राहिली.

मंजुरी लांबली. दारोदार जाऊन बायकांना सांगण्याचं काम सौजन्याने स्वतः केलं. काहींनी तोंडावर दार लावलं, काहींनी ऐकवलं की आम्हाला काय उंदीर समजलात. पण आल्या. त्यांच्यात आणखी एकीची गाठ सापडली, तीही लहान. सौजन्या थकून घरी यायची आणि जेवता जेवता पेंगायची. पण एकदाही म्हणाली नाही की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

जगदेवीचं ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली. सलाइनच्या खोलीत सौजन्याने तिला समजावून सांगितलं. "आत्या, हे औषध रक्तातून जाऊन त्या बेलांवर बसतं आणि त्यांना झाकून टाकतं. मग घंटा वाजत नाही, पेशी वाढत नाही. तसल्या बेला थोड्या हृदयावरही असतात, म्हणून मधून मधून हृदयही तपासायचं."

"झाकून टाकतं?" जगदेवीने विचारलं.

"हो."

"म्हणजे झाकायचंच होतं की!" ती म्हणाली. "मी आपली भलतीकडेच झाकत बसले." आणि सलाइनची सुई हाताला असताना ती इतकी हसली की नर्स बघायला आली.

त्या दिवसांत घरातली कामं माझ्याकडे आली. भाकरी मला जमली नाही, ती बाहेरून आणली. धुणं जमलं. चाहूल सध्या पुन्हा पहिल्यापासून तपासली जातेय आणि ऑपरेशन न झालेल्या दुसऱ्या बाजूच्या काळजीसाठी जगदेवी ती घालते. अशाच एका सकाळी मी बादली घेऊन गच्चीवर गेलो. चादर वाळत घातली, माझा शर्ट घातला. मग गुलाबी बॉडी हातात घेतली.  तारेवर मधोमध, टॉवेलाच्या जागी ती पसरली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

समोरच्या गच्चीवर रेवणसिद्ध सोलरच्या पाट्या पुसत होते. मान वर करून त्यांनी पाहिलं.

"काय उंबरजे, आज काय वाळत घालायलात?"

चादरीआड जाता आलं असतं. 'काही नाही, धुणं' म्हणता आलं असतं.  पण मी तोच आवाज लावला ज्यात आयुष्यभर टॉवेल विकले.

"बायकोची बॉडी आहे! झाकली की ऊन लागत नाही, आणि ऊन नाही लागलं की दिवा खोटा बोलतो. आमची मरता मरता वाचली."

रेवणसिद्ध खाली बघून पाटी पुसायला लागले. तीच जागा पुन्हा पुन्हा पुसली. मग फडकं ठेवलं, त्यांच्या तारेपाशी गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा टॉवेल ओढून काढला. तो गळ्याभोवती गुंडाळून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मीही त्यांच्याकडे पाठ केली.

जिन्यातून जगदेवीचा आवाज आला. "अहो, केवढ्यानं ओरडायलात! दुकान आहे का ते?"

"नाही," मी म्हणालो.

 मला वाटलं, आता वर येते आणि टॉवेल टाकते. पण ती आली नाही.

"वारं आहे का वर?" तिने विचारलं.

"आहे."

"मग चिमटे लावा दोन्ही बाजूंनी. उडून जायला नको."